तीन जणांनी रिपोर्ट मारलं म्हणून चॅनल बंद पडत नाही

गेले पंधरा दिवस सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कुस्तीची मैदानं, जत्रा, भजनं, द्राक्षबागेची माहिती असे व्हिडिओ टाकणारी पोरं तो एकमेकांना पाठवतायत. मजकूर असा: ‘यूट्यूबचा नियम. तीन जणांनी रिपोर्ट केलं की चॅनल कायमचं बंद. तक्रार येताच व्हिडिओ डिलीट करा, स्ट्राइक जातो. गाणं तीस सेकंदांच्या आत असेल किंवा खाली सौजन्य लिहिलं असेल तर काही होत नाही. चॅनल गेलंच तर दुसऱ्या नंबरावर नवं काढा.’

यातलं एकही वाक्य बरोबर नाही. आणि हे वाचून नुकसान झालेलं मी पाहिलंय. तासगाव तालुक्यातल्या एका पोराला भावकीच्या भांडणात कुणीतरी ‘तुझ्या चॅनलला रिपोर्ट मारतो’ म्हणून दम दिला. त्यानं घाबरून एका रात्रीत जुने व्हिडिओ काढून टाकले. त्यात ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं चित्रण होतं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, त्या दिवसांत मामाच्या गावात घेतलेलं. मूळ फायली जुन्या मोबाइलबरोबर गेल्या.

आधी रिपोर्टचं बघू. रिपोर्ट म्हणजे फक्त ‘हे तपासा’ अशी सूचना. तीन आले काय नि तीनशे आले काय, व्हिडिओ नियमात बसत असेल तर तो राहतो. संख्येवर निकाल होत नाही.

मग ‘तीन’ हा आकडा आला कुठून? तो स्ट्राइकचा आहे, म्हणजे नियम मोडल्याबद्दल यूट्यूब चॅनलवर लावतं त्या शिक्षेच्या नोंदीचा. नियम पहिल्यांदा मोडला की बहुतेक वेळा नुसती ताकीद मिळते. यूट्यूबचं छोटं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि पुढचे ९० दिवस तोच नियम मोडला नाही, तर ती ताकीदही पुसली जाते. त्यानंतर पहिला स्ट्राइक आला तर एक आठवडा व्हिडिओ टाकता येत नाही, लाइव्ह जाता येत नाही. त्याच ९० दिवसांत दुसरा आला तर दोन आठवडे. त्याच मुदतीत तिसरा आला तर चॅनल बंद. प्रत्येक स्ट्राइक ९० दिवसांनी संपतो. एकाच व्हिडिओवर थेट चॅनल जाऊ शकतं, पण ते फार गंभीर प्रकारात.

डिलीट करण्याचा सल्ला सगळ्यात घातक. व्हिडिओ काढला तरी स्ट्राइक तसाच राहतो. चूक झालेली नसेल तर काढायचा कशाला? अपील करायचं. ती सोय यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे आपलं चॅनल सांभाळायच्या यूट्यूबच्या पानावरच आहे.

आता गाण्यांचं, कारण आपल्याकडचा खरा गोंधळ इथंच आहे. मैदानात हलगी वाजत असते तोवर ठीक, पण मधेच स्पीकरवर सिनेमाचं गाणं लागतं आणि ते आपल्या कॅमेऱ्यात येतं. कंटेंट आयडी नावाची यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि क्लेम, म्हणजे गाण्याच्या मालकाचा दावा, लागतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. बहुधा त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात, किंवा कधी व्हिडिओ अडवला जातो. मालकानं कायदेशीर विनंती करून व्हिडिओ उतरवायला लावला, तर मात्र कॉपीराइट स्ट्राइक. असे तीन एका वेळी चालू असले की चॅनल बंद होण्याची वेळ येते. यामागे अमेरिकेचा १९९८ चा कॉपीराइट कायदा आहे. पुन्हा पुन्हा उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करण्याचं धोरण राबवलं, तरच कंपनीला त्या कायद्याचं संरक्षण मिळतं. हा स्ट्राइकही ९० दिवसांनी जातो, पण ‘कॉपीराइट स्कूल’ नावाचं यूट्यूबचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

तीस सेकंदांची सूट कुठल्याही नियमात नाही. सौजन्य लिहिणं ही चांगली सवय, पण ती परवानगी नव्हे. दुसऱ्यानं उन्हात उभं राहून शूट केलेली कुंडलच्या मैदानातली कुस्ती उचलून ‘सौजन्य’ लिहिणाऱ्यांनी हे नीट वाचावं. उलट कुणी तुमच्याच चित्रणावर खोटा स्ट्राइक आणला तर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे त्या तक्रारीला कायदेशीर उलट उत्तर, देता येतं. त्यात तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो हे ध्यानात ठेवा. त्यानंतर कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला त्याला दहा कामकाजाचे दिवस मिळतात. तो आला नाही तर व्हिडिओ परत येतो.

नवा नंबर, नवं चॅनल? बंदी चॅनलपुरती नसते, माणसावर असते. दुसरं काढलेलं सापडलं की तेही जातं.

यूट्यूबनं दाद दिली नाही तर आपल्याकडेही वाट आहे. २०२१ च्या आयटी नियमांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं.

त्या पोराला शेजारी बसवून मी स्टुडिओ उघडला. ताकीद नाही, स्ट्राइक नाही, एकही रिपोर्ट लागू झालेला नाही. आता तो पुराचे ते व्हिडिओ कुणाच्या तरी जुन्या फॉरवर्डमध्ये सापडतील का म्हणून मामाच्या गावात घरोघरी मोबाइल तपासत फिरतोय. आजवर दोन मिळालेत.