दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: झाडं का पेटली नाहीत

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय की दहाच्या बॉक्समधली चार झाडं (म्हणजे मातीचे भुईनळे) पेटलीच नाहीत आणि दोन फुसकन विझली, ग्रीन फटाके असेच असतात, आणि भाच्याला घरी झाडं भरायला फटाक्यांची सुटी दारू मागितली तर आमच्या माणसाने तुम्हाला उडवून लावलं.

झाडांची चूक आमची. रिव्ह्यू वाचल्यावर त्याच खोक्यातला उरलेला बॉक्स मी स्वतः उघडला. तोंडावरचा कागद सोलला तर मातीवर पांढरी पूड फुटलेली, जुन्या भिंतीला लोणा लागतो तशी. तो सोरा, दारूतला एक क्षार. ओल लागली की तो विरघळतो आणि मातीतून झिरपत बाहेर येतो. गंधक-कोळशाला जळायला प्राणवायू देणारा तोच, तो जागेवर राहिला नाही की झाड पेटणार कसं? वात बोटात धरली तर चिवट, मऊ लागली. आतला लोखंडाचा कीस गंजून तांबडा झालेला, म्हणजे पेटलं असतं तरी ठिणग्या नीट उडाल्या नसत्या. परतीच्या पावसात मैदानावरच्या गाळ्यात ते खोकं फळीवर न चढवता ताडपत्रीवरच राहिलं, आणि त्याचं प्लास्टिक एका कोपऱ्यात फाटलेलं होतं. माल उतरला त्या रात्री मीच हात लावून बघायला हवं होतं.

यात ग्रीन फटाक्यांना बोल लावू नका. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ते धूर कमी व्हावा म्हणून तयार केले, आणि 2018 साली सुप्रीम कोर्टाने फटाक्यांतले बेरियमचे क्षार बंद केल्यावर माल तसाच यायला लागला. कोरडं झाड छान उंच जातं. ओलं झाड कुठल्याही मसाल्याचं असो, दगाच देतं.

तुमच्या रिव्ह्यूतलं शेवटचं वाक्य वाचून मात्र काळजी वाटली: 'उरलेली उन्हात वाळवून पुन्हा लावून बघतो.' कृपा करून नको. एकदा भिजलेला मसाला वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. सोरा एकीकडे, कोळसा एकीकडे होतो, गोळा बांधतो, भेगा पडतात. असं झाड कधी विझतं, तर कधी कारंजं होण्याऐवजी एकदम फुटतं. गॅसजवळ, इस्त्रीखाली वाळवणं तर त्याहून वाईट. जी पेटली नाहीत त्यांच्यावर वाकून बघू नका, काडीने टोकरू नका. बराच वेळ लांब राहा, मग पाण्याने भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवून रात्रभर ठेवा. फोडून आतली दारू काढायची नाही, भाच्याला हे आवर्जून सांगा.

सुट्या दारूचं म्हणाल, तर आमचा माणूस तुमच्याशी चढ्या आवाजात बोलला, त्याबद्दल मी माफी मागतो, त्यालाही समज दिली आहे. पण नकार माझाच होता आणि राहील. आमचं लायसन तयार फटाके विकण्याचं आहे. दारू भरायला वेगळं लायसन लागतं, ते घरात बसून मिळत नाही. आणि लायसनचं राहू द्या. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात थोरला भाऊ दरवर्षी घरी झाडं भरायचा, आम्ही पोरं माती मळून द्यायचो. एका वर्षी एक पेटलं नाही म्हणून तो वात बघायला वाकला. डोळा वाचला, हात नाही. आज इतक्या वर्षांनी भाऊबीजेला ओवाळणी टाकताना त्याची दोन बोटं मिटत नाहीत. तुमचा भाचा नववीत आहे असं तुम्हीच गाळ्यावर सांगितलं होतं. त्याला मी दारू देणार नाही, तुम्ही पाच स्टार दिलेत तरी नाही.

बिल घेऊन या, नसेल तर नुसता रिकामा बॉक्सही चालेल. पूर्ण पैसे परत देतो, किंवा वरच्या फळीवरचा कोरडा बॉक्स देतो, त्यातलं एक झाड तुमच्यासमोर लावून दाखवतो. भाच्यालाही घेऊन या. सकाळी आलात तर बरं, संध्याकाळी गर्दीत नीट बोलता येत नाही.