मांडी कधी भरायची?

परवा संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर एका बापाने पोराची मांडी चिमटीत धरून सगळ्यांदेखत विचारलं, "सर, ही कधी भरायची हो? नुसती उदबत्तीची काडी झालीय." पोरगं तेरा वर्षांचं. खाली मान घालून चपला शोधायला लागलं. चपला पायातच होत्या.

त्या बापाला तिथे जे बोललो नाही ते इथे लिहितो.

दादा, पोरगं वाळलेलं नाही, लांबलंय. साहित्याच्या खोलीच्या दारावर आम्ही खडूने सगळ्यांची उंची मारून ठेवतो. जूनपासून दिवाळीपर्यंत तो चार सेंटिमीटर वाढलाय. या वयात आधी हाड पळतं आणि स्नायू मागून येतो. उंचीचा सगळ्यात मोठा झपाटा मुलींना साधारण बाराव्या वर्षी येतो, मुलांना चौदाव्या. स्नायू भरायचा जोर त्यानंतर काही महिन्यांनी. मधल्या काळात पाय बगळ्यासारखे दिसतात, कालपर्यंत सहज जमणारा सूर, म्हणजे खांब धरून मारायची झेप, चुकतो आणि आपण म्हणतो, लक्ष नाही याचं.

आणि त्यावर आपल्याकडचा ठरलेला इलाज काय? बैठका वाढवा.

चौदाव्या वर्षी मलाही रोज तीनशे मारायला लावल्या होत्या. गुडघा दुखतो म्हटलं की "नाटकं करू नकोस". मांडीच्या पुढचे चार स्नायू एकत्र येऊन गुडघ्याच्या वाटीवरून खाली नडगीच्या हाडाला जोडलेले असतात. वाढत्या वयात ती जागा अजून कच्ची, कूर्चेची असते. हाड लांबल्याने स्नायू आधीच ताणलेला, त्यात उकिडवं बसून झटक्यात उठणं, उड्या, खांबावरचे सूर. सगळी ओढ त्या एका ठिकाणी. 1903 साली ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं लिहून ठेवलेलं दुखणं आहे हे, नाटक नव्हे. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. माझंही थांबलं, पण टेंगूळ राहिलं. आजही वज्रासनात बसलो की टोचतं.

बैठका वाईट नाहीत. व्यायामाने उंची खुंटते हीही थापच. पण बारा-तेराच्या पोराची ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. मांडीचा घेर खरा वाढायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक यावं लागतं, ते पावडरच्या डब्यातून येत नाही. दूध, अंडी, शेंगदाणे, उसळ आणि झोप, एवढं बघा.

मुलींचं उलटंच. त्यांच्या मांड्या या वयात भरतात, त्यात चरबीही येते, ती यायचीच. तेव्हा "जाड झालीस, पळणार कशी?" म्हणणारे सर मी पाहिलेत. अशाने मुली जेवण तोडतात नाहीतर मैदान सोडतात. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

चौदा वर्षांखालच्या निवडीत एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. मग मांडी बघून संघ निवडायचा आणि वर म्हणायचं, टॅलेंट नाही!

त्या पोराचे खांबावरचे सूर मी सध्या निम्मे केलेत. त्याला ते आवडलेलं नाही. काल माझ्याशी न बोलता दाराजवळ गेला, टाचा टेकवून ताठ उभा राहिला आणि मित्राला म्हणाला, "बघ रे, अजून वाढलो का."