उजवीकडचा ऊस

जेवता जेवता पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचे परचेसचे साहेब मला म्हणाले, "तुम्ही गोल्फ खेळत असालच." माझ्या तोंडात तेव्हा पांढऱ्या रश्श्याचा भुरका होता. तो गिळेपर्यंत खरं काय ते आठवायला भरपूर वेळ होता. पण कोल्हापूरच्या माणसाला 'येतं का' असं विचारलं की आतून 'त्यात काय' असंच येतं, त्याला तो तरी काय करणार? "खेळतो की," मी म्हणालो. साहेब खूश. "मग डिसेंबरात या पुण्याला, एक राउंड टाकू." महिना जूनचा होता. तोवर गोल्फची काठी मी फक्त जुन्या हिंदी सिनेमात, हिरॉइनच्या बापाच्या हातात बघितली होती.

शिकवणाऱ्याकडं जायची लाज वाटत होती. माझं मशीन शॉप उद्यमनगरात. सकाळी मी काठी घेऊन कुठं उभा राहिलो, तर दुपारच्या चहापर्यंत बातमी शिरोली एमआयडीसीत पोचलेली असते. त्यापेक्षा पुस्तक बरं. ते हसत नाही आणि कुणाला सांगत नाही. शिवाय पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आणलं तेव्हा इंजिनिअर चार दिवसांत पळाला होता आणि आम्ही मॅन्युअल वाचूनच मशीन चालवलं होतं. तिथं अख्खं मशीन होतं, इथं तर नुसती काठी आणि चेंडू.

गावातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार पानाचा तोबरा सावरत म्हणाला, "गोल्फ? खेळाचं म्हणाल तर बुद्धिबळ हाय, योगासनं हाईत. नाहीतर हे बघा, श्रीमंत कसं व्हायचं. हे जमलं की गोल्फ आपोआप येतंय."

खरं तर पुस्तकांच्या बाबतीत आमचं गाव मागं नाही. करवीर नगर वाचन मंदिर निघालं १८५० साली. गोल्फ कसं खेळावं हे सांगणारं जगातलं पहिलं पुस्तक स्कॉटलंडात छापलं गेलं १८५७ साली. म्हणजे आमचं वाचनालय गोल्फच्या पहिल्या पाठ्यपुस्तकापेक्षा सात वर्षांनी थोरलं. त्या साली इथं कोल्हापुरात २७ वी पलटण बिथरली होती आणि तिकडं एक जण चेंडू कसा मारावा हे सावकाश समजावून सांगत बसला होता. गंमत म्हणजे त्या लेखकानं पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं नाही, टोपणनाव घातलं. तेव्हा मला हा विनय वाटला. आता कारण कळतं. वाचक घर शोधत आले असते.

शेवटी मुलीनं मोबाइलवर शोधलं. "पप्पा, हजारानं आहेत. कुठलं घेऊ?" इथून खरा छळ सुरू झाला. एक पुस्तक म्हणतं डावा हात महत्त्वाचा, दुसरं म्हणतं उजवा, तिसरं म्हणतं हात विसरा, कंबर बघा, आणि एकाचं म्हणणं की सगळा खेळ दोन कानांच्या मधे आहे. खाली वाचकांचे अभिप्राय. एक म्हणतो आठवड्यात आयुष्य बदललं, त्याच्याच खाली दुसरा म्हणतो पाकिटातून काढतानाच पानं सुटली. आमच्या धंद्यात तीन कोटेशनं आल्याशिवाय ऑर्डर जात नाही. मी पाच मागवली. खोकं आलं तेव्हा बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, दहावीला एवढी पुस्तकं घेतली असती तर?" तिनं वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

पहिलं उघडलं ते बेन होगनचं, १९५७ चं. धडे पाचच, हे बघून जीव भांड्यात पडला. चित्रं तर अशी की बघत राहावं. मनगटाची एकेक शीर दिसते. पण पहिला अख्खा धडा काठी धरायची कशी यावरच. डाव्या हाताच्या अंगठ्याचा आणि तर्जनीचा जो इंग्रजी व्ही होतो, त्याचं टोक उजव्या डोळ्याकडं पाहिजे. उजव्या हाताच्या व्हीचं टोक हनुवटीकडं. मी शॉपमध्ये खुर्चीत बसून चकची टॉमी, म्हणजे लेथचा चक आवळायची दांडी, धरून दिवसभर सराव करायला लागलो. माणसं येऊन चलनावर सही घ्यायची आणि टॉमीकडं बघत मागं सरकायची. दुसऱ्या पुस्तकात होतं, काठी इतकी हलकी धरा की हातात जिवंत पाखरू आहे असं समजा. आता पाखरू म्हणजे किती? आमच्याकडं बोल्ट आवळायलासुद्धा टॉर्क लिहिलेला असतो. पारवा धरायचा का चिमणी, एवढं तरी लिहायचं.

त्याच होगनच्या पुस्तकात एक काचेचं चित्र आहे. चेंडूपासून तिरकी निघून खेळणाऱ्याच्या खांद्यांवर टेकलेली मोठी काच, तिला भोक, आणि भोकातून वर आलेलं मुंडकं. काठी मागं नेताना हात त्या काचेच्या वर जाता कामा नयेत. ही काच मनात धरायची असते, हे नंतर लक्षात आलं. मी पॅटर्नवाल्या सुताराला चार बाय सहाच्या प्लायला मुंडक्याएवढं भोक पाडायला सांगितलं. त्यानं माझ्या गळ्याचं माप घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि हळूच विचारलं, "मालक, गणपतीत देखावा करताय का?"

जागेचा प्रश्न माझ्या एका शेतकरी दोस्तानं सोडवला. वडणग्याच्या बाजूला त्याचं रान आहे. मधे पडीक पट्टा, उजवीकडं आडसाली ऊस, डावीकडं भुईमूग. आडसाली म्हणजे सोळा-अठरा महिने रानात उभा राहणारा, त्यामुळं तेव्हाच तो पुरुषभर वर गेला होता. श्रावणातल्या उघडिपीत मी जुनी विकत घेतलेली बॅग घेऊन उभा राहिलो. पहिले दहा फटके चेंडूला लागलेच नाहीत, त्याबद्दल काही बोलत नाही. अकरावा लागला. चेंडू सरळ निघाला, माझ्या छातीत काहीतरी फुललं, आणि मग हात न दाखवता रिक्षा वळावी तसा तो उजवीकडं वळला आणि उसात शिरला. उसात गेलेला चेंडू शोधायला मी एकदाच आत गेलो. पानाची करवत दोन्ही कानांवरून फिरली. नंतर गेलो नाही.

याला स्लाइस म्हणतात हे मला पुस्तकातच कळलं. मग मी पहिला धडा आणखी मन लावून वाचायला लागलो. व्ही आणखी काटेकोर केला. चेंडू आणखी उजवीकडं जायला लागला. आधी उसाच्या दुसऱ्या सरीत पडायचा, तो आता सहाव्या सरीत पडायला लागला. चूक माझी, पाठ कच्चा, असं समजून मी तो धडा जवळपास तोंडपाठ केला.

बांधावर तंबाखू मळत बसलेला दोस्त एक दिवस म्हणाला, "भावा, एक इचारू? सगळी आंडी उजवीकडंच घालायला लागलायस. डावीकडं भुईमूग हाय, तिकडं एकबी न्हाई."

"मग?"

"मग काय न्हाई. म्हटलं पुस्तकात तसंच लिवलंय काय?"

त्या रात्री तिसरं पुस्तक काढलं, हार्वी पेनिक या टेक्सासमधल्या म्हाताऱ्या शिक्षकाचं. आयुष्यभर शिष्यांना बघून लाल वहीत जे टिपलं, ते १९९२ साली छापलं. तुकडे अगदी छोटे, गंगावेशीत दुधाची वाट बघता बघता एखादा वाचून व्हावा एवढे. त्यात सुरुवातीलाच एक गोष्ट आहे: मी अ‍ॅस्पिरीन घ्या म्हटलं तर कृपा करून अख्खी बाटली पिऊ नका. मी पुस्तक मिटलं. कपाटाजवळ ठेवलेल्या भोकाच्या प्लायकडं बघितलं. अख्खी बाटली पिऊन वर बूचसुद्धा चावून खाल्लेला माणूस मीच होतो.

मग होगनची माहिती काढली. उमेदीच्या वर्षांत त्याचा छळ केला होता हुकनं. त्याचा चेंडू जोरात डावीकडं वळायचा. वर्षानुवर्षं घाम गाळून त्यानं चेंडू डावीकडं जाऊच नये अशी पद्धत बसवली, काठीची धरसुद्धा तशीच केली, आणि तेच इमानदारीनं लिहिलं. औषध रामबाण, शंकाच नाही. फक्त वैद्याला होता मलावरोध आणि ते ढोसत होतो मी, जुलाबाचा रोगी.

गल्लीतल्या आण्णांना हे सांगितलं. त्यांनी उमेदीत खासबागेत कुस्त्या केल्यात, आता तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांच्या चुका मोजतात. त्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण हे लगेच कळलं. "उंच पोराला ढाक सांगायचा, बुटक्याला पट काढायला लावायचं. आधी पोरगं मातीत उतरवून बघायला नको? पुस्तकवाल्याला पोरगं कुठं दिसतंय?" आणि थोडं थांबून, "तू तर बाबा दिसला असतास तरी सुचलं नसतं काय."

उरलेल्या पुस्तकांचं थोडक्यात. एक मी निव्वळ नावात मशीन आहे म्हणून घेतलं होतं, होमर केली यांचं, १९६९ चं. त्यात फटक्याचे चोवीस घटक पाडलेत. मला वाटलं, हे आपल्या भाषेतलं. सहा पानांनंतर मला माझ्या स्वतःच्या मशीनची मॅन्युअलं प्रेमकथेसारखी वाटायला लागली. दुसरं मन शांत ठेवण्याबद्दलचं होतं, ते बायकोनं नेलं आणि अजून परत दिलेलं नाही. घरात शांतता आहे, तेव्हा मागायला गेलो नाही.

छपाईचं साल बघायचं असतं, हेही उशिरा उमजलं. जुनी बरीचशी पुस्तकं सांगतात की काठी ज्या रेषेत फिरते त्या रेषेत चेंडू निघतो आणि काठीचं तोंड जिकडं असेल तिकडं शेवटी वळतो. अलीकडं रडारनं मोजायला लागल्यावर कळलं की चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेनंच, आणि वळतो तो तोंड आणि रेषा यांचं पटलं नाही म्हणून. रेषेच्या मानानं तोंड उजवीकडं उघडं राहिलं की चेंडू उजवीकडं वळणार. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे एका वाक्यात पटतं. टूल कुठल्या कोनात लागलंय ते बघा, जॉबला शिव्या देऊ नका.

पाचवं डेव्ह पेल्झचं. हा बाबा आधी नासात संशोधक होता. छोट्या फटक्यांवर जाडजूड ग्रंथ. याचं मला पटलं, कारण हिशेब सरळ आहे: ७२ पारच्या, म्हणजे चांगल्या खेळाडूनं ७२ फटक्यांत संपवायच्या मैदानात अठरा भोकांना दोन-दोन 'पट', म्हणजे चेंडू भोकाकडं ढकलायचे हलके फटके, धरले तर छत्तीस होतात, म्हणजे निम्मा खेळ चेंडू ढकलण्याचाच. आणि त्याला ऊस लागत नाही, हॉल पुरतो. भोक असतं सव्वाचार इंचाचं, म्हणजे १०८ मिलिमीटर. चेंडू ४२.६७ पेक्षा लहान चालत नाही. मापं आली की माझ्या जिवात जीव येतो. लेथवर एमएसची एक रिंग फिरवून घेतली, आत १०८, वर-खाली दहा मायक्रॉन, चेंफर मारून. संध्याकाळी बघतो तर ती जागेवर नाही. नव्या पोरानं तिला तेल लावून, प्लास्टिकात गुंडाळून, डिस्पॅचच्या खोक्यात भरली होती. चलनाच्या 'पार्टी' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'मालक घरी'.

तर मी होगन बाजूला ठेवला आणि दुसऱ्यांचं ऐकून धर बदलली. डावा हात थोडा आणखी वर फिरवला, खाली बघितल्यावर त्याची तीन बोटांची पेरं दिसतील एवढा. पहिल्याच दिवशी चेंडू सरळ गेला. दुसऱ्या दिवशी जरा डावीकडं. आठवड्यानं तो निघाल्या निघाल्या असा डावीकडं वळायला लागला की बांधावरून तंबाखू टाकून दोस्त उठून उभा राहिला. एव्हाना भुईमूग निघून तिथं हरभरा पेरला होता, नुकता बोटभर वर आलेला. "ए भावा," तो ओरडला, "पयलं पुस्तक बरं हुतं!"

आणि खरंच, आता मला होगनची गरज आहे. कपाटातून काढून पुसून ठेवलाय. सुताराला निरोप धाडलाय की प्लाय फोडू नकोस.

दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी आली. मी गेलो तेव्हा मुकादमानं खताचं एक पोतं पुढं केलं. तोडणाऱ्या बायका म्हणे दर सरीत थांबत होत्या. कोयता बुडख्यावर बसायच्या ऐवजी टण्ण करून उसळायचा. एका चेंडूवर कोयत्याची धार अर्धवट बसली होती आणि तिथं सालपट असं फाकलं होतं की चेंडू माझ्याकडं बघून हसतोय असं वाटावं. एका बारक्या पोरानं विचारलं, "काका, ही कशाची अंडी?" मी बांधावर बसून मोजली. एकसष्ट.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे साहेब. "मग, डिसेंबर पक्कं ना? तुमचा हँडिकॅप किती आहे हो? म्हणजे पारच्या वर साधारण किती फटके लागतात? लिहून ठेवावा लागतो."

मी पोत्याकडं बघितलं, मग हरभऱ्याकडं.

"उजवीकडचे एकसष्ट आहेत साहेब," मी म्हणालो. "डावीकडचे अजून मोजायचेत."