चहा मिळाला नाही म्हणजे संप झाला असं नव्हे

गेले आठ दिवस एक मजकूर सोसायटीच्या ग्रुपवरून शाळासोबत्यांच्या ग्रुपवर आणि तिथून भिशीच्या ग्रुपवर हिंडतोय. माझ्याकडे तो पाच जणांकडून आला, त्यातले दोघे सख्खे भाऊ. मजकूर लांबलचक आहे, त्यातला गाभा असा:

“पुणे–दिल्ली विमानात चहा दिला नाही. पाणी मागितलं तर ‘नंतर’. कारण काय, तर सीटबेल्टचा दिवा! हवा एकदम शांत होती. हे छुपं आंदोलन आहे. पगारवाढीसाठी केबिन क्रू प्रवाशांना उपाशी ठेवतात. दोन तासांत चार जणांना चहा वाटता येत नाही? त्यांचं काम तरी दुसरं काय? दारात उभं राहून नमस्कार करायचा पगार घेतात. चहापाणी हा प्रवाशाचा कायदेशीर हक्क आहे. युनियनबाजीनेच किंगफिशर आणि जेट बुडाल्या. पुढच्या वेळी क्रूच्या नावाच्या पट्टीसह व्हिडिओ काढा आणि व्हायरल करा.”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढ्यावर इतकी इमारत उभी केलेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. ज्याला चहा मिळाला नाही त्याची चिडचिड मला समजते. पहाटेचं विमान, त्यासाठी रात्री दोनला उठून कोथरूडहून लोहगाव गाठायचं, आणि वर चहा नाही. पण चिडचिड वेगळी आणि आरोप वेगळा.

“सीटबेल्टचा दिवा हा बहाणा आहे.”

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी केबिन क्रू आहे. हा मजकूर तिला दाखवला तर ती एवढंच म्हणाली, “काका, तो दिवा आम्ही लावतच नाही.” खरंच आहे. त्याचं बटण कॉकपिटमध्ये असतं. समोरचे ढग रडारवर दिसले, पुढे गेलेल्या विमानाने हादऱ्यांची खबर दिली, किंवा नियंत्रण कक्षाने सांगितलं, की कॅप्टन तो लावतो. हादरे फारच असतील तर क्रूनेही बसून घ्यावं असा हुकूम येतो. म्हणजे तुम्हाला हवा शांत वाटते तेव्हा दिवा लागलेला असणं यात विसंगती नाही, तो पुढच्या दहा मिनिटांसाठी लावलेला असतो. आणि कधी दहा मिनिटांनीही काहीच होत नाही. छत्री घेऊन निघालं आणि पाऊस आला नाही, म्हणून वेधशाळेने कट केला असं आपण म्हणतो का? (पुण्यात तेही म्हणतात म्हणा.)

पुण्याला येणाऱ्याजाणाऱ्याला तर हे मुद्दाम सांगायला नको. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या पठारावरून वर उठणारी हवा, संध्याकाळी वळवाचे ढग, पावसाळ्यात सह्याद्रीवर दाटलेलं आभाळ. निरभ्र आकाशातले हादरे आणखी वाईट, कारण त्यात पाण्याचे थेंब नसल्यामुळे ते रडारवर दिसतच नाहीत.

भरलेली ट्रॉली शंभर किलोच्या आसपास जाते. त्यावर उकळत्या पाण्याची भांडी, आणि ती ढकलणारी माणसं विमानात पट्ट्याशिवाय उभी असलेली एकमेव माणसं. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेलं स्पाइसजेटचं विमान उतरताना जोरदार हादऱ्यांत सापडलं. डझनाहून जास्त लोक जखमी झाले आणि त्यातला एक प्रवासी काही महिन्यांनी दगावला. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाचं असंच झालं, ते बँकॉकला उतरवावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या कंपनीने नियम केला की दिवा लागलेला असताना फक्त गरम पेयंच नव्हे, जेवण वाटणंही थांबवायचं. कोरियन एअरने ऑगस्ट २०२४ पासून इकॉनॉमीत कपातले गरम नूडल्स देणं बंद केलं, भाजण्याच्या भीतीने. अमेरिकेतल्या साउथवेस्टने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून विमान उतरताना १८ हजार फुटांवरच सेवा आवरायचं ठरवलं. आधी ती १० हजार फुटांवर आवरायचे. या तिन्ही ठिकाणी चहा-नूडल्स थांबवले ते व्यवस्थापनाने. युनियनचा त्यात काय संबंध?

“दोन तासांत चार जणांना चहा वाटता येत नाही?”

दिल्लीच्या विमानात वाटता येतो, हे मी आधीच कबूल करतो. तिथे वेळ पुरतो. पण मजकूर पुढे ‘सगळीकडे हेच चाललंय’ म्हणतो, म्हणून हिशेब करूया. आपल्याकडच्या नेहमीच्या एअरबस ए-३२० मध्ये १८६ आसनं असतात. ट्रॉली दोन, म्हणजे एकीच्या वाट्याला ९३ माणसं. प्रत्येकाला अर्धा मिनिट धरा: काय हवं ते विचारायचं, कप भरायचा, द्यायचा, कार्ड मशीन चालतंय का बघायचं, सुट्टे नाहीत म्हणून पुन्हा विचारायचं. झाली सेहेचाळीस मिनिटं, आणि कप गोळा करणं अजून बाकी. पुणे–गोवा विमान हवेतच जेमतेम तेवढा वेळ असतं, त्यातले चढण्याउतरण्याचे भाग सोडून किती उरतो ते तुम्हीच पाहा. स्वारगेट ते डेक्कनमध्ये भरलेल्या पीएमपीत कंडक्टरला सगळी तिकिटं फाडता येत नाहीत, तेव्हा आपण त्याला संपकरी म्हणत नाही.

अमृततुल्यात दोन मिनिटांत चहा मिळतो, कारण तिथे कुणी पट्टा बांधून बसलेलं नसतं आणि भांडं सतत आचेवर असतं.

“त्यांचं काम तरी दुसरं काय?”

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांनी ग्रुपवर अंगठ्याचं चिन्ह टाकून उचलून धरला, म्हणून जरा थांबतो. विमानात किती क्रू असावेत हे चहाच्या कपांवरून ठरत नाही. नियम आहे दर ५० आसनांमागे किमान एक. म्हणून १८६ आसनांना चार, ७८ आसनांच्या एटीआर या छोट्या विमानाला दोन. ही संख्या विमान रिकामं करण्यासाठी आहे. नवीन प्रकारचं विमान मंजूर होताना निम्मीच दारं वापरून ९० सेकंदांत सगळी माणसं बाहेर काढता येतात हे सिद्ध करावं लागतं. चौघांतला एक जरी कमी पडला तर पूर्ण भरलेलं विमान उडू शकत नाही. चहा संपला तर मात्र उडतं. आता काम कोणतं ते ठरवा.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. आत ३७९ माणसं. विमानातली उद्घोषणेची यंत्रणा बंद पडलेली. क्रूने कर्णे आणि आपला घसा वापरून, कोणत्या दाराबाहेर आग आहे ते खिडकीतून बघून, मोजकीच दारं उघडली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. सगळ्यांना. त्या विमानात चहा मिळाला होता का, हे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अपहरण झालेल्या विमानात प्रवाशांना वाचवताना मारल्या गेलेल्या केबिन क्रू नीरजा भनोतचा फोटो दर ५ सप्टेंबरला फॉरवर्ड करणारे आणि हा मजकूर फॉरवर्ड करणारे, माझ्या फोनमध्ये तरी तेच आहेत.

“दारात उभं राहून नमस्कार करायचा पगार.”

इथे तर गंमतच आहे. नेमका तोच वेळ बऱ्याच ठिकाणी हिशेबात धरत नाहीत. क्रूच्या कमाईत उड्डाणाच्या तासांवर मिळणाऱ्या भत्त्याचा मोठा भाग असतो आणि तास मोजायला सुरुवात होते विमान जागेवरून हललं की. त्याआधीचा नमस्कार, तुमची डोईजड बॅग वर चढवणं, गेटवर अडकलेल्या विमानात लोकांचे टोमणे ऐकणं, हे सगळं त्या घड्याळाबाहेर. अमेरिकेत डेल्टाने प्रवासी चढतानाच्या वेळेचे पैसे द्यायला २०२२ मध्ये सुरुवात केली, तेही निम्म्या दराने. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे सुमारे दहा हजार क्रू संपावर गेले, त्यांची एक मुख्य मागणी जमिनीवरच्या कामाचा मोबदला हीच होती. सरकारने कामावर परतण्याचा आदेश काढला, त्यांनी तो मानला नाही, आणि चौथ्या दिवशी समझोता झाला.

“हे छुपं आंदोलन आहे.”

मजकुराचा खरा जीव इथे आहे. आणि यात थोडं तथ्य आहे, ते आधी सांगतो. सेवा रोखून धरणं हे हत्यार जगात काढलं गेलं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकच्या क्रूंनी २ टक्के वाढ नाकारून इशारा दिला होता: जेवण देणार नाही, दारू देणार नाही, आणि हसणारही नाही. पण हा इशारा त्यांनी वर्तमानपत्रांतून, कारणासकट दिला होता. आंदोलन लपवून करण्यात अर्थच नसतो. मालकाला कळलंच नाही की दबाव आहे, तर तो वाढ कशाबद्दल देईल? आपण एसटीचा संप पाहिलाय, काळ्या फिती पाहिल्यात, ‘नियमानुसार काम’ पाहिलंय. यातलं कोणतं आंदोलन तुम्हाला न सांगता झालं?

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. ऑगस्ट २००५ मध्ये लंडनच्या हीथ्रोवर ब्रिटिश एअरवेजच्या विमानांत खरोखरच कामगारांच्या वादामुळे जेवण मिळालं नाही. ते बनवून देणाऱ्या गेट गुर्मे या कंत्राटदार कंपनीने ६७० च्या आसपास कामगार एका झटक्यात काढून टाकले होते. त्यांत पंजाबी बायका बऱ्याच होत्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी ब्रिटिश एअरवेजचे सामान हाताळणारे कर्मचारी बाहेर पडले आणि विमानं जमिनीवर आली. पुन्हा उडू लागली तेव्हाही काही दिवस गरम जेवण नव्हतं. त्या दिवसांत ट्रॉली रिकामी का, म्हणून शिव्या खाल्ल्या त्या क्रूने. वाद दुसऱ्याच कंपनीच्या स्वयंपाकघरातला.

आणि आपल्याकडचं? मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या दोनशेहून जास्त क्रूंनी एकदम आजारी असल्याचं कळवलं. दुसऱ्या विमान कंपनीशी होणाऱ्या विलीनीकरणात आपल्याला असमान वागणूक मिळते ही तक्रार. त्या दिवशी कुणाचा चहा चुकला नाही, विमानंच उडाली नाहीत. ८० हून अधिक फेऱ्या रद्द. कंपनीने २५ जणांना काढलं, ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे बैठक झाली आणि त्यांना परत घेतलं. प्रवाशांचे हाल झाले, हे खरंच, आणि सगळ्यांनी एका दिवशी आजारी पडणं मला पटत नाही. पण ते का होतं हेही बघा. तेव्हाच्या कायद्याने हवाई वाहतूक ही लोकोपयोगी सेवा होती, संपाआधी नोटीस हवी होती, समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नव्हता. नव्या औद्योगिक संबंध संहितेत तर निम्म्या कर्मचाऱ्यांनी ठरवून एका दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. दार एवढं अरुंद केलं की लोक खिडकीतून जातात.

डिसेंबर २०२५ चा गोंधळ विसरू नका. ५ तारखेच्या एका दिवसात इंडिगोच्या हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. लोक तेव्हाही ‘पायलटांचा संप’ म्हणत होते. संप नव्हताच. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास केली होती, आणि त्याला पुरतील एवढी माणसं ड्युटीच्या यादीवर नव्हती.

“चहापाणी हा कायदेशीर हक्क.”

हक्क आहे, पण उशिराच्या वेळी. अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल आणि विमान दोन तास किंवा जास्त लांबलं, तर विमानतळावर खाणंपिणं द्यायला कंपनी बांधील आहे. ते मागा, हक्काने मागा, कारण न मागता बऱ्याचदा देत नाहीत. हवेतला चहा मात्र तिकिटातल्या करारावर अवलंबून. पाण्याचा पेला कमी भाड्याच्या विमानातही मागितल्यावर मिळतो. आणि एप्रिल २०२१ पासून काही महिने दोन तासांपेक्षा लहान प्रवासात जेवण देऊ नका असं खुद्द सरकारनेच सांगितलं होतं, कोविडमुळे.

“युनियनने किंगफिशर आणि जेट बुडवल्या.”

किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली तेव्हा कर्मचाऱ्यांचे सुमारे सात महिन्यांचे पगार थकले होते. शेवटी इंजिनियर कामावर यायचे थांबले, हे खरं. सात महिने फुकट काम केल्यावर. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं, बँकांनी तातडीचे पैसे नाकारल्यावर. मजकूर लिहिणारा गो फर्स्टला विसरला, ती मे २०२३ मध्ये इंजिनांअभावी जमिनीवर आली. तिन्हींत संपाने बुडालेली एकही नाही.

राहता राहिला व्हिडिओ. पंचविशीतल्या मुलीच्या नावाची पट्टी व्हायरल करून तुम्हाला चहा मिळणार नाही. ज्याने दिवा लावला त्याचा चेहरा तर तुम्हाला दिसतही नाही. तक्रार करायची तर फेरीचा क्रमांक, तारीख आणि आसन लिहून कंपनीकडे करा, उत्तर आलं नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. सेवा का थांबवली हे माइकवरून एका वाक्यात सांगायला हवं होतं, एवढी मागणी त्यात जरूर घाला. ती मी स्वतःही केली असती. आणि पाणी हवं असेल तर डोक्यावरचं बटण विमान खाली यायला लागण्याआधी दाबा.