पोस्टमधला फोटोच पोस्ट खोडून काढतो

दर 16 एप्रिलला एक पोस्ट हमखास फिरते. वर सीएसएमटीचा फोटो, त्यावर ठसठशीत ‘1853’, आणि खाली मजकूर: मुंबईची लोकल ही इंग्रजांनी दिलेली भेट; आपल्या कुणाचा त्यात हात नव्हता; स्वातंत्र्यानंतर आपल्याला एक नवं स्टेशन बांधता आलं नाही; गाड्या आजही त्यांच्याच विजेवर धावतात; त्यांनी बांधलेलं कधी मोडावं लागलं नाही. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती तीनदा आली. तिन्ही वेळा खाली हात जोडलेले.

आधी तो आकडा. 1853 साली फोटोतली इमारत नव्हतीच. त्या वर्षी 16 एप्रिलला 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली ती बोरीबंदरच्या साध्या स्टेशनातून. फोटोतल्या इमारतीचं काम 1878 ला सुरू झालं आणि पुढे दहा वर्षं चाललं. शिवाय आमंत्रितांची ती गाडी काही लोकल नव्हे. पश्चिमेकडे विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली 1867 मध्ये, तीही जाताना एक, येताना एक. आठ-वीसची हुकली तर आठ-सव्वीस, हे सुख फार नंतरचं.

आता ‘भेट’. रेल्वे बांधली ग्रेट इंडियन पेनिन्शुला या खासगी कंपनीने. 1849 च्या करारात तिच्या भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी होती. नफा तेवढा झाला नाही, तर तूट भरायची हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे भागधारक लंडनचे आणि जोखीम इथल्या शेतसारा भरणाऱ्याची. व्याजाची हमी घेऊन दिलेल्या वस्तूला आपल्याकडे भेट म्हणत नाहीत. आहेराच्या वहीत तिची नोंद कुठल्या पानावर करायची?

‘आपला हात नव्हता’ याचं उत्तर तर पोस्टमधल्या फोटोतच आहे. सीएसएमटीच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या संचालकांचे दगडी मुखवटे गोल चौकटींत बसवलेत. त्या गोऱ्या चेहऱ्यांच्या रांगेत नाना शंकरशेट आहेत, जमशेटजी जीजीभॉय आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ही दोघं 1845 पासून खटपट करत होती. इमारतीचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, त्याचं श्रेय त्यालाच. पण भिंतीवरचे मोर, माकडं, पानंफुलं यांचं बरंचसं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं आहे. आपण मान खाली घालून सबवेत शिरतो, म्हणून हे दिसत नाही, एवढंच.

नवं स्टेशन नाही म्हणणाऱ्याने एकदा हार्बर मार्गाच्या लोकलने खाडी ओलांडावी. 1992 च्या मे महिन्यात लोकल मानखुर्दहून पुलावरून वाशीला पोचली. या मार्गाचा 67 टक्के खर्च नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला, बाकीचा रेल्वेने. वाशीला तर स्टेशनाच्याच डोक्यावर कचेऱ्यांची इमारत उभी केली. ऑफिस वर आणि फलाट खाली, असं स्टेशन इंग्रजांनी मुंबईत बांधलं नव्हतं. 2004 ला ठाणे–वाशी मार्ग आला आणि ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही नावं इंडिकेटरवर चढली. 2016 ला जोगेश्वरी-गोरेगावच्या मध्ये राम मंदिर, 2024 ला दिघा गाव आणि थेट उरण.

जुन्या स्टेशनांचे हाल झाले, असं पोस्टमध्ये असतं तर मी गप्प बसलो असतो. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, आणि मग तिथला नवा पूल लष्कराला बोलावून बांधावा लागला. त्या स्टेशनाला आता प्रभादेवी म्हणतात. पण ‘काही बांधलंच नाही’ आणि ‘गर्दीच्या मानाने वेळेवर बांधलं नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी खरी आहे, पण तिच्याखाली कुणी हात जोडत नाही.

विजेचं म्हणाल, तर 3 फेब्रुवारी 1925 ला व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली, ते त्यांच्याच काळात. मात्र तारांमधला तो 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह आता राहिलेला नाही. टप्प्याटप्प्याने सगळीकडे 25 हजार व्होल्टचा एसी आला; पश्चिम रेल्वेवर 2012 मध्ये काम संपलं, हार्बरवर 2016 मध्ये. तेही गाड्या रोजच्यासारख्या चालू ठेवून.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘कधी मोडावं लागलं नाही’ हा. चर्चगेटच्या पुढे पूर्वी लोकल कुलाब्यापर्यंत जायची. ऐसपैस टर्मिनस होतं तिथे. 1928 ला त्या मार्गावर वीज आली आणि तीन वर्षंही झाली नाहीत तोच, 1930 च्या 31 डिसेंबरला, ते बंद करून चर्चगेटपुढचे रूळ उखडले. हुकूम इंग्रजांच्याच राजवटीतला. स्टेशनाच्या जागेवर आज बधवार पार्क आहे, रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत.