‘बँकेनं कर्ज दिलंय, मग वेगळा वकील कशाला?’ या सल्ल्याला उत्तर

घर घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक सल्ला कायम फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे टायटल (मालकीहक्क) क्लिअर. रेरा नंबर (गृहप्रकल्पांच्या रेरा कायद्याखालचा नोंदणी क्रमांक) असला की काळजी मिटली. सातबारा आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) मोबाईलवर दिसतात, ते आपले आपणच बघावेत. रजिस्ट्रेशन झालं की घर आपलं. कागद करायला एजंटचा वकील असतोच, दोन्ही पार्ट्यांना तो एकटा पुरतो. आणि अगदीच वकील हवा असेल तर त्या गावातला नको, तो ओळखीपाळखीत अडकलेला असतो. ऑनलाइन कुठलाही स्वस्तातला धरावा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हा सल्ला मानणारे बहुतेक जण पहिलंच घर घेत असतात आणि पुढची वीस वर्षं हप्ते भरणार असतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘बँकेनं तपासलंय.’

बँक तपासते, पण स्वतःसाठी. पॅनलवरच्या वकिलाचा अहवाल बँकेच्या नावे असतो. त्याची फी बहुधा तुमच्याच खिशातून जाते, तरी अहवालाची प्रत बऱ्याचदा तुमच्या हाती येत नाही. उद्या टायटलमध्ये खोट निघाली तर त्या वकिलाला तुम्ही जाब विचारू शकाल अशी व्यवस्था त्या कागदात नसते. तुमचा हप्ता मात्र थांबत नाही. बँकेकडे घराशिवाय तुमचा पगार असतो, सहकर्जदाराची सही असते, कधी जामीनदारही असतो. तुमच्याकडे फक्त ते घर असतं.

कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण ज्यांनी वाचलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून या इमारतींची महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) नोंदणी करून घेतली गेली. फ्लॅट विकले गेले, अनेकांनी त्यावर बँकांचं कर्ज काढलं, लोक राहायला आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचा आदेश दिला. रेरा नंबर होता, कर्जही मंजूर झालं होतं. नव्हती ती खरी परवानगी. आणि ती खरी की खोटी हे कळायचं एकच ठिकाण होतं: महापालिकेचा नगररचना विभाग. तिथे जाऊन परवानगीचा क्रमांक आणि तारीख मूळ नोंदीशी ताडून बघणारा माणूस खरेदीदाराच्या बाजूनं कोणी नव्हता.

‘रेरा नंबर आहे ना.’

रेरा कायदा चांगला आहे आणि तो आल्यापासून खरेदीदाराची बाजू भक्कम झाली आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जमिनीचं टायटल सदोष निघालं तर कलम १८ खाली भरपाई मागता येते, आणि त्या मागणीला मुदतीचं बंधन नाही. पण महारेराच्या साइटवर जे टायटल सर्टिफिकेट दिसतं ते बिल्डरच्या वकिलानं दिलेलं असतं. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्तीच नाही. आणि एखाद्या गृहस्थाकडून जुना फ्लॅट घेत असाल तर त्या व्यवहारात रेरा येतच नाही.

‘सगळे उतारे ऑनलाइन आहेत.’

उतारे मिळतात, हे खरं. प्रत्येकानं ते काढून बघावेतही. अडचण ते वाचण्यात आहे.

एक नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. आजचा डिजिटल सहीचा सातबारा काढला. भोगवटादार (जमीन धारण करणारा) म्हणून एकच नाव, ‘इतर हक्क’ रकान्यात कर्जाचा बोजा नाही, सगळं स्वच्छ. जमीन किंवा बंगल्याचा प्लॉट घेणारा इथे खूश होतो. आता त्याच गटाचा जुना, हस्तलिखित सातबारा आणि त्यावरच्या वर्तुळातले फेरफार (नावबदलाच्या नोंदींचे) क्रमांक घेऊन मागे जा. कुठेतरी त्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरं सापडतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे वडील वारल्यावर थोरल्या भावाचं नाव कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलं होतं, एकट्या मालकाचं म्हणून नाही. धाकटे भाऊ आणि बहिणी यांचे हिस्से तसेच उभे आहेत. आणखी एका फेरफारात बहिणींच्या नावांना कंस झालेला असतो, म्हणजे ती कमी केलेली असतात, आणि कारण म्हणून नुसता जबाब नोंदवलेला असतो. नोंदणीकृत हक्कसोड पत्र कुठेच नसतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. त्या बहिणी किंवा त्यांची मुलं उद्या दावा घेऊन आली तर ‘सातबारा क्लिअर होता’ हे तुमचं उत्तर टिकत नाही. सातबारा आणि फेरफार हे महसुली कामासाठीचे कागद आहेत, त्यांनी मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय.

नोंदणी खात्याच्या ऑनलाइन सर्चमध्ये दुसरी गोम आहे. संगणकावर सगळं सारख्या खोलवर मिळत नाही. तीस वर्षांचा शोध घ्यायचा तर जुने खंड कार्यालयात जाऊन उघडावे लागतात. त्यात अनेक गावांत एकत्रीकरण योजनेनंतर सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, पुढे हिस्से पडले, शहराजवळ सिटी सर्व्हे नंबर आले. जुना दस्त जुन्या नंबरावर नोंदलेला असतो. नवा नंबर टाकून शोधलं तर ‘नोंद नाही’ असं दिसतं आणि माणसाला वाटतं की व्यवहारच झालेला नाही. त्या तालुक्यात रोज काम करणाऱ्या वकिलाला जुना कोणता आणि नवा कोणता, हे ठाऊक असतं. नसलं तर कोणत्या दफ्तरात मिळेल हे तरी ठाऊक असतंच. दाव्यांचंही तसंच. न्यायालयांच्या साइटवर पक्षकाराच्या नावानं शोध घेता येतो, पण ज्यानं दावा लावलाय त्याचं नाव तुम्हाला माहीत हवं ना?

फ्लॅट असला तरी हे टळत नाही. रीसेलमध्ये हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे नॉमिनी. मूळ मालक गेले, सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट नॉमिनीच्या नावे केलं, आणि तो मालक म्हणून फ्लॅट विकायला निघाला. नॉमिनेशननं सोसायटीचा प्रश्न सुटतो, वारसांचा हक्क संपत नाही. बाकीच्या वारसांची हक्कसोड पत्रं किंवा न्यायालयाचा आदेश हवा. समोरचा माणूस प्रामाणिक असतो, त्यालाही ते माहीत नसतं. म्हणून तर हे जास्त घडतं.

‘रजिस्ट्रेशन झालं की घर आपलं.’

दुय्यम निबंधक मालकीची खात्री करून देत नाही. दस्त करणारे हजर आहेत, ओळख पटली, मुद्रांक शुल्क भरलं, दस्त नोंदला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूचा एक नियम रद्द करताना हेच सांगितलं: लिहून देणाऱ्याकडे मालकी आहे की नाही हे पाहणं निबंधकाचं काम नाही. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची नाही. इंग्लंडमध्ये सरकारी नोंदवही मालकीची हमी देते, आणि तिथेही घर घेताना माणसं आपापला सॉलिसिटर नेमतात. आपल्याकडे ती हमीच नाही, तिथे वकील वगळा असं सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

‘एजंटचा वकील दोघांना पुरतो.’

दस्त टाइप करायला पुरतो. पण विकणाऱ्याला दडवायचं असेल ते शोधून काढणं हे खरेदीदाराच्या वकिलाचं काम आहे, आणि एकच माणूस दोन्ही बाजूंची फी घेऊन ते करू शकत नाही. ज्याला पुढचं काम एजंटकडूनच मिळणार आहे तो व्यवहार मोडेल असं मत लेखी देईल का? खर्च वाचतो म्हणाल, तर किमतीच्या एक-दोन टक्के दलाली आपण फारशी कुरकुर न करता देतो, आणि टायटल तपासणाऱ्याच्या फीवर घासाघीस करतो.

‘स्थानिक नको, कुठलाही चालेल.’

या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. लहान गावात वकील, एजंट आणि विकणारा एकमेकांना ओळखतात, कधी नात्यातलेही असतात. पण त्यावर उपाय दूरचा वकील नाही. जमिनीचे नियम जागोजागी बदलतात. नवी मुंबईत मूळ जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोच्या (शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) भाडेपट्ट्याची, हस्तांतरणाला सहसा सिडकोची परवानगी आणि शुल्क. मुंबईत काही सोसायट्या कलेक्टरच्या जमिनीवर. पालघरकडे आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर हस्तांतरणावर बंधन घालणारी महसूल संहितेची ३६ आणि ३६अ ही कलमं. पश्चिम महाराष्ट्रात देवस्थान इनाम, पुनर्वसनाची जमीन, कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा, भोगवटादार वर्ग-२, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी.

गोव्यात तर पुण्या-मुंबईची माणसं घर घ्यायला जातात आणि आपलेच कायदे तिथे आहेत असं धरून चालतात. तिथे नवरा-बायकोची संपत्ती बहुतेक वेळा सामाईक असते, म्हणून विकताना जोडीदाराची सही लागते. वारसा असेल तर भावंडांच्या जोडीदारांचीसुद्धा. जुनी वाटणी इन्व्हेंटरीच्या (न्यायालयातल्या वारसा-वाटणीच्या) प्रक्रियेनं झाली का हे बघावं लागतं. घराच्या आवारात मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) असेल तर १९७५ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. जमीन कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची) निघू शकते. आणि जुनी कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये असतात. पुण्यात बसून उत्तम काम करणारा वकील यातलं किती पकडेल?

तेव्हा वकील त्याच तालुक्यातला हवा, पण या व्यवहारात कोणाचाही नसलेला हवा. एजंटनं सुचवलेला नको. त्या भागात दोन-चार वर्षांपूर्वी घर घेतलेल्यांना विचारा. जमिनीचे दिवाणी दावे चालवणारा मिळाला तर फार चांगलं, कारण कोणता गट वादात आहे हे त्याच्या कानावर असतं. बार कौन्सिलची सनद विचारायला संकोच करू नका. या विकणाऱ्याचं, बिल्डरचं किंवा एजंटचं काम करता का, हे सरळ विचारा. अहवाल तुमच्या नावे, लेखी आणि सही-शिक्क्याचा मागा. त्यात किती वर्षांचा शोध घेतला, कोणकोणते फेरफार पाहिले, कोणता कागद मिळाला नाही हे लिहिलेलं हवं, सोबत सर्च फीची पावती हवी. वर्तमानपत्रात हरकतींची जाहीर नोटीस द्यायला सांगा. त्या भागात खपतं त्याच पेपरात. ‘टायटल क्लिअर आहे’ अशा एका ओळीच्या पत्रावर पैसे देऊ नका.

विकणाऱ्यालाही स्वतःचा वकील हवा, विशेषतः तो परदेशात असेल तर. तिथून पाठवलेलं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून किंवा अपोस्टिलसह (कागद खरा असल्याच्या त्या देशाच्या अधिकृत दाखल्यासह) साक्षांकित हवं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. ते राहिलं की ऐन नोंदणीच्या दिवशी व्यवहार अडतो.

हे सगळं टोकनच्या (बयाण्याच्या) आधी करायचं असतं. बहुतेक जण आधी टोकन देतात आणि मग वकिलाकडे जातात. तेव्हा खोट सापडली तरी अडकलेल्या पैशांसाठी मन तडजोड करू लागतं. विकणारा घाई करत असेल आणि टोकन द्यावंच लागलं तर रक्कम लहान ठेवा, चेकनं द्या, आणि पावतीवर हे वाक्य लिहून दोघांच्या सह्या घ्या: ‘खरेदीदाराच्या वकिलाच्या तपासणीत सदर मिळकतीचं टायटल निर्वेध व बोजारहित न आढळल्यास टोकनची संपूर्ण रक्कम विनाकपात १५ दिवसांत परत करण्यात येईल.’