बकनरच्या पायांतून काय काय गेलं नाही

दर ऑक्टोबरात अमेरिकेत वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीचे (सातांपैकी चार सामने जिंकेल तो विजेता), दिवस आले की ती काही सेकंदांची क्लिप पुन्हा फिरायला लागते. १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. बॉस्टन रेड सॉक्सचा बिल बकनर पहिल्या बेसपाशी वाकतो, सरपटत आलेला चेंडू ग्लोव्हखालून, दोन पायांमधून मागे निघून जातो, न्यूयॉर्कच्या मेट्सची विजयी धाव होते आणि त्यांचे खेळाडू उड्या मारत मैदानात घुसतात. खाली ओळ ठरलेली: याने एका चेंडूवर जिंकलेली ट्रॉफी घालवली.

चूक झाली, त्यात वादच नाही. पण ती ओळ जवळजवळ शब्दागणिक चुकते.

आधी ‘जिंकलेली’ घ्या. चेंडू बकनरकडे आला तेव्हा धावफलकावर ५-५ होते. आघाडी त्याआधीच गेलेली होती, आणि ती कशी गेली हे क्लिपमध्ये नसतं. ठरलेल्या नऊ इनिंग बरोबरीत सुटल्यावर दहाव्या इनिंगमध्ये डेव्ह हेंडरसनच्या होमरनने (एकाच फटक्यावर चारही बेस पूर्ण) बॉस्टन पुढे गेलं, मग आणखी एक धाव मिळून ५-३ झाले. मेट्सचे पहिले दोघं बाद, बेसवर कुणी नाही, सामना संपवायला फक्त तिसरा आउट हवा. बॉस्टनच्या ड्रेसिंगरूममध्ये शॅम्पेन येऊन पडली होती. स्टेडियमच्या फलकावर रेड सॉक्सच्या अभिनंदनाचा संदेश क्षणभर झळकूनही गेला म्हणतात. तिथून गॅरी कार्टर, केव्हिन मिचेल आणि रे नाइट यांनी ओळीने तीन सिंगल (बॅटरला पहिल्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारले. ५-४. बॉस्टनचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कॅल्विन शिराल्डीला काढून बॉब स्टॅनलीला आणलं. समोर मूकी विल्सन. त्याला टाकलेला सातवा चेंडू इतका आत आला की विल्सनने अंग चोरून स्वतःला जमिनीवर झोकून दिलं. बॅटरमागे बसणारा कॅचर रिच गेडमन याने ग्लोव्ह पुढे केला, पण चेंडू मागच्या भिंतीकडे गेला. तिसऱ्या बेसवरून मिचेल धावत होम प्लेटवर आला, धाव झाली आणि बरोबरी झाली. नोंद वाईल्ड पिचची, म्हणजे पिचरच्या स्वैर चेंडूची, आणि माझ्या मते सामन्याचा खरा कणा तिथे मोडला. बकनरकडे आलेला चेंडू त्यानंतरचा, त्याच बॅटरला टाकलेला दहावा.

त्याने तो अडवला असता तर? विल्सन पळायला भलताच चपळ, तरी तो बाद झाला असता असंच धरू. मग काय झालं असतं? अकरावी इनिंग सुरू झाली असती. बस.

‘ट्रॉफी’चं तर विचारूच नका. तो सहावा सामना होता. त्याआधी बॉस्टन ३-२ ने पुढे होतं, म्हणजे हरल्यावर ३-३ झाले. सातवा सामना पावसामुळे एक दिवस पुढे ढकलून २७ ऑक्टोबरला झाला. त्यात बॉस्टनने ३-० अशी आघाडी घेतली आणि तीही गमावून ८-५ ने हरले. सातव्या इनिंगमध्ये नाइटने होमरन मारला तो पुन्हा शिराल्डीलाच. बकनरने त्या दिवशी चार वेळा बॅटिंग करून दोन हिट मारले होते.

आता ‘याने’. बकनर तेव्हा ३६ वर्षांचा होता. घोट्यांची कित्येक वर्षांची दुखणी, म्हणून पायात उंच बूट. त्या सिरीजमध्ये बॉस्टनने जिंकलेल्या तिन्ही सामन्यांत मॅनेजर जॉन मॅकनमाराने शेवटी त्याला बाहेर घेऊन डेव्ह स्टेपलटनला पहिल्या बेसवर उभं केलं होतं. सहाव्या सामन्यात केलं नाही. का, यावर बॉस्टनवाले अजून भांडतात.

बकनरला दोष द्यायचाच असेल तर मी वेगळी जागा दाखवीन: आठवी इनिंग. बॉस्टन ३-२ ने पुढे, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. एका हिटवर सामना तिथेच मिटला असता. मेट्सने डावखुरा जेसी ओरोस्को आणला. बकनरही डावखुरा, डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर सहसा जड जातो, आणि उजव्या हाताचा जोरदार फटकेबाज डॉन बेलर बाकावर रिकामा बसलेला. तरी मॅकनमाराने बकनरलाच ठेवलं आणि त्याने सेंटर फील्डला सोपा झेल दिला. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात मेट्सने बरोबरी केली. सामनाभर बॉस्टनचे १४ धावपटू बेसवरच अडकले. पण हवेत गेलेला साधा झेल क्लिपमध्ये शोभत नाही.

राहता राहिला त्याच्याबद्दल नेहमी सांगितला जाणारा दुसरा दावा: ‘बॉस्टनने त्याला २००८ पर्यंत माफ केलं नाही’. त्या वर्षी एप्रिलमध्ये बॉस्टनच्या घरच्या मैदानावर, फेनवे पार्कवर, त्याच्या हातून सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू टाकवला, तेव्हा लोक उभे राहिले आणि तो डोळे पुसत होता, हे खरंच. त्याला त्या शहरात खूप सोसावं लागलं हेही खरं. पण १९९० मध्ये तो रेड सॉक्सकडे परत आला, तेव्हाही पहिल्याच सामन्यात त्याच फेनवेने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्याच एप्रिलात तिथेच त्याने कारकिर्दीतला शेवटचा होमरन मारला. चेंडू अडवायला गेलेला फील्डर कुंपणावरून प्रेक्षकांत कोसळला, चेंडू मात्र मैदानातच राहिला. बकनरला चारही बेस पळून पूर्ण करावे लागले, त्याच घोट्यांवर.